कॅमेरा ठेवण्याआधी वही उघडा

प्रश्न : पत्रलेखक ३४ वर्षांचे असून अकरा वर्षांपासून मुंबईत व्यावसायिक पोर्ट्रेट छायाचित्रकार म्हणून काम करतात. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांच्या वडिलांचा चाळीस वर्षे जुना फोटो स्टुडिओ आहे. ते स्वतः डोंबिवलीत भाड्याने राहतात आणि अंधेरीतील एक स्टुडिओ लागेल तसा तासांवर घेतात. नवोदित कलाकारांचे पोर्टफोलिओ, म्हणजे काम मागताना दाखवायचे फोटोंचे संच, हे त्यांचे मुख्य काम आहे. त्याचे ते आठ हजार रुपये घेतात, तरीही घासाघीस होते आणि ऐनवेळी चित्रण रद्द करणारेही बरेच असतात. एका कंपनीतील १८० कर्मचाऱ्यांचे फोटो दरवर्षी त्यांच्याकडे असत. यंदा त्या कंपनीने कर्मचाऱ्यांनी दिलेल्या सेल्फींवरून संगणकाकडून फोटो तयार करून घेतले. एक मित्र त्यांना लग्नाच्या फोटोग्राफीत भागीदार होण्याचा आग्रह करतो आहे आणि त्याला तुळशीच्या लग्नाआधी उत्तर हवे आहे. वडील म्हणतात, "परत ये, दुकान तुझेच आहे." ते लिहितात : "लग्ने करायची म्हणजे कला सोडायची आणि गावी जायचे म्हणजे हरून जायचे, असे वाटते. जुन्या नोंदवह्या माळ्यावर टाकलेल्या त्या दुकानात पासपोर्ट फोटो काढत बसण्यासाठी मी अकरा वर्षे घालवली का? मी या कामाच्या लायकीचाच नव्हतो का?"

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला ते व्यवसायाबद्दलचे वाटले होते. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. महिनाअखेरीस हातात पुरेसे पैसे का उरत नाहीत, हा एक प्रश्न आणि तुम्ही चांगले छायाचित्रकार आहात की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे तुम्ही दुसऱ्याचे उत्तर स्वतःच्या विरोधात देऊन मोकळे झाला आहात. मी स्वतः तीस वर्षे याच शहरात लोकांचे चेहरे टिपत आले आहे, आणि लायकी असलेल्या कितीतरी जणांनी नेमकी हीच गल्लत करून कॅमेरा विकलेला मी पाहिला आहे. म्हणून आधी हिशेब करू. लायकीचे नंतर पाहू.

तुमच्या आठ हजारांतून अर्ध्या दिवसाच्या स्टुडिओचे अडीच हजार, मेकअपचे दीड हजार आणि सामानासह जाण्यायेण्याचे पाचशे जातात, असे तुम्हीच लिहिले आहे. उरले साडेतीन हजार. आता वेळ मोजा. फोनवरचे बोलणे आणि भेट दीड तास, डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून अंधेरी आणि परत साडेतीन तास, प्रत्यक्ष चित्रण पाच तास, शेकडो फ्रेममधून निवड दोन तास, बारा फोटोंचे रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोतले दोष दुरुस्त करणे, प्रत्येकी पाऊण तास धरले तर नऊ तास आणि 'जरा हे गाल, जरा ते केस' अशा दुरुस्त्यांसह फोटो पोहोचते करायला आणखी दोन तास. एकूण तेवीस तास झाले. तुमचा कॅमेरा, दोन लेन्स, दिवे आणि संगणक मिळून चार लाखांचे सामान आहे आणि ते पाच वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला ८० हजार रुपयांची झीज होते. वर्षाला साठ पोर्टफोलिओ होतात म्हणता, म्हणजे प्रत्येकामागे १,३३३ रुपये गेले. उरलेल्या २,१६७ रुपयांना तेवीस तासांनी भागले तर तासाला ९४ रुपये पडतात.

हा आकडा वाचून वाईट वाटेल, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत आशादायक गोष्ट हीच आहे. तुमची कला कमी पडत असती, तर तिच्यावर उपाय शोधायला वर्षे लागली असती. येथे दोष कामाच्या मांडणीत आहे आणि ती या महिन्यात बदलता येते. आठाचे सात हजार केले की गिऱ्हाईक वाढेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्या सात हजारांत तासाला जेमतेम पन्नास रुपये सुटतील आणि गिऱ्हाईक वाढलेच, तर एवढ्या कमी पैशांत राबण्याचे तासही वाढतील.

नऊ तासांचे रिटचिंग कोणासाठी होते, हे स्वतःला विचारा. वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगच्या कार्यालयांत फोटो घेऊन हिंडणाऱ्या मुलामुलींना तेथे जे मागितले जाते, ते साधे असते : साध्या पार्श्वभूमीवर समोरून, दोन्ही बाजूंनी, कमरेपर्यंत आणि पूर्ण उभे, हलक्या मेकअपमध्ये काढलेले स्पष्ट फोटो. दारातून आत येणारी व्यक्ती फोटोतल्यासारखी दिसली पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. गुळगुळीत केलेल्या आणि दोन छटा उजळवलेल्या चेहऱ्याने त्या मुलीचे नुकसानच होते, कारण आत गेल्यावर ती फोटोतली नसते. रंग उजळवण्याची मागणी आली तर नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सावळी त्वचा नीट प्रकाशात किती सुंदर दिसते हे दाखवणे आपले काम आहे. ती पुसून टाकणे नव्हे.

तेव्हा आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्या. स्टुडिओ दिवसभरासाठी घ्या, तो पाच हजारांत पडेल असे धरू. चार जणांना प्रत्येकी सव्वा तास द्या, प्रत्येकाकडून साडेतीन हजार घ्या, मेकअप त्यांचा त्यांनी करून यावा आणि प्रत्येकी चारच फोटो हलकी सफाई करून द्या. चौदा हजारांतून स्टुडिओ, प्रवास आणि सामानाच्या झिजेचे दोन हजार वजा केले तर साडेसहा हजार उरतात. मांडामांड, प्रवास, निवड आणि सफाई धरून सतरा तास लागले, तर तासाला साधारण ३८२ रुपये होतात. गिऱ्हाइकाला तुम्ही अर्ध्याहून कमी पैशांत दिलेत आणि तुमच्या हातात चौपट आले. दर आठवड्याला चार जण मिळतीलच, असे मी म्हणत नाही. तीन महिने करून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. नंतर अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

ऐनवेळी रद्द होणाऱ्या चित्रणांचा उपाय जुनाच आहे. तारीख ठरताना निम्मी रक्कम घ्यायची आणि उरलेली मिळाल्यावरच फोटो द्यायचे. 'मागितले तर गिऱ्हाईक तुटेल' ही भीती मलाही होती. एका नियतकालिकाने माझे पैसे अकरा महिने थकवले, तेव्हा कुठे मी कागदावर लिहून घ्यायला लागले. कंपन्यांच्या कामासाठी 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि निःशुल्क होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकवावे लागते, करारात त्याहून लांबची मुदत लिहिलेली असली तरीही, आणि उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. त्याच कागदावर फोटोंच्या हक्काचेही एक वाक्य असू द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणाराच असतो. आपण कॅमेऱ्याचे बटण दाबले म्हणजे फोटो आपला झाला, असे अनेक छायाचित्रकारांना वाटते. मोबदला घेऊन केलेल्या पोर्ट्रेटच्या बाबतीत तो समज चुकीचा आहे. स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून फोटो दाखवायचे असतील, तर तशी संमती आधी लिहून घ्यावी.

आता त्या १८० फोटोंविषयी. ते काम परत येईल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. ओळखपत्रापुरता आणि संकेतस्थळापुरता चेहरा ज्यांना हवा होता, त्यांना तो फुकटात मिळू लागला आहे, आणि दर पाडून त्याच्याशी स्पर्धा करता येणार नाही. कोलकात्याचा बोर्न अँड शेफर्ड हा स्टुडिओ दीडशे वर्षांहून अधिक काळ चालून २०१६ मध्ये बंद पडला. आपल्या व्यवसायात मोठी नावेही काळाने थांबवली आहेत, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ती कंपनी तुमच्याकडून नेमके काय घेत होती, हेही पाहा. १८० जणांना प्रत्येकी तीन मिनिटे, एकच पार्श्वभूमी आणि एकच प्रकाश. त्यात तुमच्या अकरा वर्षांतले किती वापरले जात होते? त्याच कंपनीतील ज्या दहाबारा माणसांना लोक प्रत्यक्ष भेटतात, ज्यांचे फोटो वर्तमानपत्रांना आणि वार्षिक अहवालाला द्यावे लागतात, त्यांच्यासाठी प्रत्येकी अर्ध्या तासाचा वेगळा प्रस्ताव पाठवा. शास्त्रीय गायक-वादक, नर्तक, डॉक्टर, लेखक यांनाही स्वतःसारखा दिसणारा एक चांगला फोटो वारंवार लागतो आणि बहुतेकांकडे तो दहा वर्षांपूर्वीचा असतो.

मला मात्र याहून महत्त्वाचे एक काम दिसते, आणि मुंबईत ते फार थोडे जण मनापासून करतात. घरातले वडीलधारे माणूस जाते, त्या रात्री मुले फोन चाळत बसतात. हजारो फोटो असतात, पण त्यात आईचा एकटीचा, नीट समोर पाहत असलेला असा एकही नसतो. शेवटी कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा केला जातो. हार घातलेल्या त्या चौकटीत नीट पाहिले, तर आईच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात दिसतो; मनगटापर्यंतचा, पुढे कापलेला. असे फोटो मी अनेक दिवाणखान्यांत पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी वाटले आहे की वर्षभर आधी कोणीतरी एक सकाळ काढायला हवी होती.

त्या कारणासाठी फोटो काढा, असे घरच्यांना म्हणता येत नाही. ते अशुभ वाटते आणि वाटणे स्वाभाविकही आहे. पण आपल्याकडे षष्ट्यब्दी आहे, पंचाहत्तरी आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. या निमित्तांना लोक हॉल घेतात, जेवणावळ घालतात, पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यांचा निवांत फोटो मात्र कोणी काढत नाही. समारंभाच्या आठवडाभर आधी त्यांच्याच घरी जावे, एक दिवा आणि एक थर्माकोलचा पांढरा तक्ता न्यावा. गिरगावातल्या चाळीत असो की मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळची खुर्ची बहुधा पुरते. मोबदल्यात चौकटीसह छापील फोटो धरावा, कारण त्या घराला फाइल नको असते, भिंतीवरचा फोटो हवा असतो.

या कामात घाई चालत नाही. काही वर्षांपूर्वी परळच्या एका निवृत्त परिचारिकेचा फोटो मी तिच्या घरी काढत होते. चष्म्यात खिडकी चमकत होती, म्हणून मी चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित वर उचलल्या. काचा जराशा खाली झुकल्या आणि डोळे मोकळे दिसू लागले. तरीही चेहरा परीक्षेला बसल्यासारखा ताठ होता. वीस मिनिटांनी मी "झालं हं आजी" म्हणून कॅमेरा छातीपर्यंत खाली घेतला. त्यांनी सुस्कारा सोडला, पदर सारखा केला, मांडीवर एका हातावर दुसरा हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले, रात्रपाळीत खाटेजवळ उभे राहून रुग्णाकडे पाहिले असेल तसे. कॅमेरा डोळ्याला न लावता मी बटण दाबले. त्यांच्या मुलाने तोच फोटो निवडला. सेल्फीवरून तयार केलेल्या चेहऱ्यात ही नजर येत नाही, कारण ती समोरच्या माणसासाठी असते.

आणि हेच काम तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षे केले नाही का? तुमच्या पत्रात वडिलांचे दुकान म्हणजे पासपोर्ट फोटो आणि तुमचे काम म्हणजे पोर्ट्रेट, अशी एक रेघ आहे. मला ती खरी वाटत नाही. स्टुलावर येऊन बसलेल्या अनोळखी, संकोचलेल्या माणसाला 'हनुवटी जरा खाली, खांदे सैल, इकडे बघा' असे म्हणत दोन मिनिटांत माणसात आणणे, ही पोर्ट्रेटची विद्याच आहे. नेगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणारे हात त्यांचेच होते, असे तुम्हीच लिहिले आहे. शिवाय काम हातातून निसटताना त्यांनी तुमच्याआधी पाहिले आहे. रोल गेले, डार्करूम गेली. आधारचा फोटो केंद्रावर निघू लागला आणि पासपोर्टचाही सेवा केंद्राच्या खिडकीवरच. तरी दुकान चालू आहे. ते कशावर चालले, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का?

म्हणून परत जाणे म्हणजे हार, हे गृहीतक मला पटत नाही. तसेच परत जाणे हा आजच्या अडचणीवरचा उपाय आहे, असेही वाटत नाही. हिशेब न बदलता गावी गेलात, तर तेच ९४ रुपये तिथेही सुटतील. जायचे तर पुढे कधीतरी, तिथले काम करावेसे वाटले म्हणून जा.

लग्नाच्या कामाकडे तुम्ही कला सोडल्यासारखे पाहता. मुंबईत उत्तम पोर्ट्रेट करणाऱ्यांनी पोट भरण्यासाठी इतर कामे केल्याची उदाहरणे कमी नाहीत. गौतम राजाध्यक्षांनी लिंटास या जाहिरात संस्थेत नोकरी करीत असतानाच कलावंतांची पोर्ट्रेट टिपायला सुरुवात केली. नोकरीने त्यांची नजर बिघडली असे कोणी म्हणणार नाही. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात. पुढचा चातुर्मास रिकामा असतो, आणि नेमक्या त्याच पावसाळी महिन्यांत खिडकीजवळची, घरातली, स्टुडिओतली पोर्ट्रेट करायला सवड मिळते. मोसमात पंधरा-वीस दिवस लग्नाचे काम केले, तर पावसाळ्याचे भाडे निघून जाते.

परंतु मित्राला भागीदारीचा होकार देऊ नका. भागीदारीत नव्या कॅमेऱ्यांचे हप्ते येतात, अल्बमची दिरंगाई आणि वधुपित्याशी होणारे वाद येतात, आणि मैत्रीही पणाला लागते. "या मोसमात मी अमुक तारखांना, दिवसाच्या ठरलेल्या पैशांवर तुझ्यासोबत येईन, फोटो तुझ्या हवाली करीन, पुढचे संपादन आणि अल्बम तुझे" असे त्याला स्पष्ट सांगा आणि तेही लिहून ठेवा. वर्षभरानंतर दोघांना हवे असेल, तर भागीदारीचे बोलता येईल. लग्नघरात वेळ मिळाला की तिथल्या आजी-आजोबांना घोळक्यातून बाजूला घेऊन, खिडकीपाशी बसवून त्यांचा एकेक फोटो काढा. त्या घरातून पुढे तुम्हाला पोर्ट्रेटसाठी बोलावणे येण्याची शक्यता मला जास्त वाटते.

राहिला लायकीचा प्रश्न. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या सहा फोटोंपैकी भाजीवालीचा फोटो मी बराच वेळ पाहिला. तिच्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका जागच्या जागी आहे, आणि ती तुमच्यासमोर अवघडलेली नाही. उरलेल्या पाचांत रिटचिंग जास्त झाले आहे. यापेक्षा अधिक निवाडा सहा फोटोंवरून मी करू नये आणि तुम्हीही तो आकड्यांवरून करू नये.

मित्राला उत्तर द्यायला अजून अवधी आहे. त्याआधी दोन दिवस गावी जाऊन या. माळ्यावरची एखादी नोंदवही खाली काढा. जुन्या स्टुडिओंच्या वह्यांत नाव, नेगेटिव्हचा क्रमांक, प्रती, जमा आणि बाकी असे रकाने असत, आणि बाकी चुकती झाल्याशिवाय पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे. वडिलांना शेजारी बसवा, एका पावसाळ्याची पाने उलगडा आणि त्या महिन्यांत दुकान कोणत्या कामांवर चालले, ते त्यांच्याकडून ओळीने समजून घ्या. मुंबईला परतताना ती वही सोबत आणा.